नदीचा वाटा

प्रत्येक नदीची एक गोष्ट असते, आणि ती गोष्ट नदीहूनही जुनी असते.

हे वाक्य माझं आहे. एका गुरुवारी दुपारी, ऑफिसचा एसी बंद पडलेला असताना आणि मॅनेजर खुर्चीमागे उभा राहून "यल्ला, यल्ला" करत घाई लावत असताना मी ते इंग्रजीत लिहिलं. शुक्रवारची सुट्टी म्हणून गुरुवारी अर्धा दिवस असे आणि मला घरी जायचं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हाही सांगता आला नसता. पण ते स्टीलच्या पाटीवर कोरलं गेलं, आणि स्टीलवर कोरलेल्या वाक्याला कोणी अर्थ विचारत नाही. ज्या नदीच्या काठी ती पाटी लागणार होती, ती नदी अजून चालू केलेली नव्हती.

आमचा धंदा पाट्यांचा. नव्वदच्या सुरुवातीला मी आखातात आलो. आधी शारजात, रोल्ला भागात, चौघांत एक खोली; मग लग्न झालं आणि दुबईत अल कुसैसला दोन खोल्यांचा फ्लॅट. पुण्यात इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या माणसाला जगात दोन प्रकारची कामं मिळतात. पहिलं शिकवण्याचं. मी दुसरं करत होतो. 'ढकला', 'ओढा', 'आग लागल्यास लिफ्टऐवजी जिना वापरा' अशा वाक्यांवर या कंपनीत माझी दहा वर्षं गेली होती. इंग्रजी मी लिहायचो, हिंदीही मीच, आणि अरबी एक सुदानी गृहस्थ संध्याकाळी येऊन लिहून जायचे.

माझं इंग्रजी तपासायला ऑफिसात एक इंग्रज होता. साठी उलटलेला, उंच, खांद्यात वाकलेला, सदा थकलेला. तपासण्यासारखं त्यात फार काही नसायचं, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. त्याचं खरं काम वेगळं होतं. मोठ्या क्लायंटकडे मीटिंग असली की मॅनेजर त्याला टाय बांधायला लावून सोबत न्यायचा आणि टेबलाच्या मधोमध बसवायचा. बोलायचं काही नसे. तो दिसला की कंपनी बरी आहे असं लोकांना वाटे. "मी ऑफिसातली कुंडी आहे," तो एकदा म्हणाला. "फक्त मला पाणी घालावं लागत नाही." त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. व्हिसा दर वेळी मॅनेजर कुठून कुठून ओळखी काढून वाढवून आणायचा, आणि या खेपेला त्याने साफ सांगितलं होतं की आता खलास, पुढे होणार नाही. उन्हाळ्याआधी म्हाताऱ्याला परत जायचं होतं. परत म्हणजे बहिणीच्या घरी, इंग्लंडच्या पश्चिमेला एका नदीच्या खोऱ्यात, जिथून तो विशीत निघाला होता.

आम्ही दोघं दुपारी एकत्र जेवायचो. म्हणजे मी डबा उघडायचो आणि त्याचं सँडविच तो तसंच ठेवून द्यायचा. माझ्या बायकोचं थालीपीठ त्याला आवडायचं. नाव त्याला कधीच उच्चारता आलं नाही. तो त्याला 'ते गोल' म्हणायचा.

दुबई मरीनाला तेव्हा जितक्या इमारती होत्या त्याहून जास्त क्रेन होत्या. त्याच्याही आत, वाळूत, एका बिल्डरने व्हिलांची वसाहत काढली आणि तिला इंग्लिश खोऱ्याचं रूप द्यायचं ठरवलं. दगडी पूल, उतरती छपरं, लोंबत्या फांद्यांची विलोची झाडं, आणि मधून वाहणारी नदी. नदीची वळणं खऱ्या नदीच्या नकाशावरून घेतली होती. फक्त पाणी फिरतं राहावं म्हणून दोन्ही टोकं एकमेकांना जोडली होती, त्यामुळे नदी गोल होती. ती जिथून निघे तिथेच पोचे. काठच्या दगडांत स्पीकर लपवले होते आणि त्यांतून इंग्लिश पक्षी ओरडणार होते.

मी मुलीला प्लॅन दाखवला. ती तेव्हा आठवीत होती; आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"बाबा, दॅट्स नॉट अ रिव्हर," ती म्हणाली. "इट्स अ फाउंटन लाइंग डाउन."

काठाकाठाने पाट्या लावायच्या होत्या, आणि प्रत्येक पाटीवर त्या खोऱ्यातली एकेक दंतकथा. बिल्डरला कोणीतरी सांगितलं होतं की वारसा असला की भाव वाढतो. मॅनेजर आनंदाने ऑर्डर घेऊन आला. "आपल्याकडे माणूस आहे ना," तो म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "हबीबी, तुझ्या गावच्या गोष्टी सांग. हा लिहील."

म्हातारा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसलेला मी पाहिला.

तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. गोष्टी चांगल्या होत्या. लढाईच्या धामधुमीत लोकांनी चर्चची घंटा डोहात लपवली. पुढे बैल जुंपून बाहेर काढताना गाडीवानाने शिवी घातली, साखळी तुटली, आणि घंटा अजून तळाशीच आहे. पूर यायचा असला की ती वाजते. नदीवरचा पूल सैतानाने एका रात्रीत बांधून दिला, पहिला जो पलीकडे जाईल तो माझा या बोलीवर; गावकऱ्यांनी पहाटे कुत्र्याला पुढे सोडलं. धुक्यात वाट चुकलेल्याला एक पांढरी डुकरीण नदीच्या उथळ उताराच्या जागी नेऊन सोडते. आणि एक राक्षस शेजारचं गाव गाडायला फावडंभर चिखल घेऊन निघाला, वाटेत कंटाळला, चिखल तिथेच टाकून घरी गेला. त्या चिखलाची टेकडी झाली. मला ही शेवटची सर्वांत पटली. कंटाळलेले राक्षस मी ऑफिसात रोज पाहत होतो.

या सगळ्या कथा मला नव्या नव्हत्या. नावं बदलली की त्या आपल्याकडच्याच. पाण्याखालची घंटा, फसवलेलं भूत, चकवा लागलेल्याला वाट दाखवणारं जनावर. फक्त आपल्याकडे सांगणारा शेवटी 'खोटं वाटत असेल तर जाऊन बघ' म्हणतो, आणि म्हातारा 'अर्थात हे सगळं थोतांड आहे' म्हणायचा. दोघांच्याही म्हणण्याचा अर्थ एकच असतो, असं मला वाटत आलं आहे.

मॅनेजर त्या गोष्टी क्लायंटकडे घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी उतरलेल्या चेहऱ्याने परत आणे. घंटा चर्चची, नको. सैतान नको, कुत्रा तर त्याहून नको. डुकरिणीची गोष्ट त्याने क्लायंटला दाखवलीच नाही, माझ्या टेबलावर उलटी ठेवली आणि म्हणाला, "तू वेडा आहेस का?" चिखल मंजूर झाला. नदीतल्या सालमन माशाबद्दल एक साधा परिच्छेद मी जागा भरायला लिहिला होता, तोही मंजूर झाला. माशाला कोणाचीच हरकत नव्हती.

मग एके दिवशी डबा खाता खाता म्हातारा म्हणाला, "एक राहिली. खरं म्हणजे ती एकच आहे. बाकीच्या आम्ही पाहुण्यांना सांगायचो."

ती गोष्ट अशी. ती नदी दर वर्षी एक माणूस घेते. बहुधा लहान मूल. घेतल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. एरवी नदी शांत असते, पण वर्ष संपत आलं आणि अजून कोणी गेलेलं नसलं की ती हाका मारते. त्या हाका धरणाच्या पाण्यासारख्या खोल येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं. म्हणून वसंतात, पहिलं कोकरू झालं की म्हाताऱ्या बायका नदीवर जायच्या आणि एक अख्खा पाव तिच्यात सोडायच्या. माणसाच्या बदली.

"आमची आजी सोडायची," तो म्हणाला. "पाव गेला की ती मागे वळून बघायची नाही. बघायचं नसतं. खरं म्हणजे खालच्या वळणावर बदकं तो खाऊन टाकायची. मी आणि माझा भाऊ तिथे उभे राहून बघायचो."

मी थालीपीठाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. त्याने घेतला नाही.

"महायुद्ध संपलं आणि मग पावही रेशनवर आला," तो म्हणाला. "लढाई चालू असताना नव्हता, संपल्यावर आला. आईने आजीला सांगितलं, माणसांना पुरत नाही, नदीला कुठून देणार. त्या वर्षी आजीने पाव सोडला नाही." त्याने नजर एसीकडे वळवली. "त्या वर्षीचा वाटा आमच्या घरातून गेला. भाऊ माझ्याहून धाकटा होता."

मी काहीतरी पुटपुटलो. अशा वेळी इंग्रजीत बोलायला वाक्यं असतात आणि ती सगळी पाट्यांसारखी असतात.

"माझा विश्वास नाही," तो म्हणाला. "पूर आला होता, काठ निसरडा होता, तो लहान होता. पण आजीचा विश्वास होता. आई आणि ती त्यानंतर एका घरात राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता त्या दोघी नाहीत. बहीण नंतरची, तिला काही माहीत नाही. मी गेलो की ही गोष्ट माहीत असणारं कोणी उरत नाही." मग त्याने सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "ती पाटी लाव. एवढी एक लाव. बाकीच्या सगळ्या माशाच्या केल्यास तरी चालेल."

दहा वर्षांत त्याने मला काही मागितलं ते एवढंच.

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती एका क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून असते, आणि कोणत्याही गोष्टीवर तिचा पुराव्याशिवाय विश्वास बसत नाही. ती कणीक मळता मळता ऐकत होती.

"आणि ही नदी तुम्ही इथे आणताय," ती म्हणाली.

"खरी नाही गं. पंपावर चालते."

"गोष्ट तीच ना?"

"गोष्ट तीच. म्हणजे पाटीवर आली तर."

"मग नारळ सोडायला हवा."

मी हसलो. ती हसली नाही. तिचं माहेर कृष्णाकाठचं. तिच्या गावच्या डोहात साती आसरा आहेत, आणि तिथे कोणी पोहायला उतरायच्या आधी, नवी सून पहिल्यांदा पाण्यावर जायच्या आधी, नारळ सोडतात, ओटी भरतात.

"तुझा विश्वास आहे का यावर?" मी विचारलं.

"विश्वासाचा काय संबंध? तिथे माणसं राहायला येणार, पोरंबाळं येणार. तिकडून गोष्ट उचलून आणलीत ना? मग तिचा उताराही आणा. त्या आजीला पाव मिळाला नाही. इथे नारळ काही रेशनवर नाही."

एम.ए.ला असलं काही शिकवत नाहीत.

पाटीसाठी मी मॅनेजरशी भांडलो. भांडलो म्हणजे त्याच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. इथे परक्याच्या नोकरीत त्यालाच भांडण म्हणतात. तो लेबनीज होता, मनाने वाईट नव्हता, फक्त त्याला दिवसातून दहा लोक दहा ठिकाणांहून फोन करत.

"हबीबी, विचार कर," तो म्हणाला. "नदी दर वर्षी एक पोर खाते, आणि व्हिला समोरच. तीन बेडरूमचा! कोण घेईल?"

"ती दंतकथा आहे."

"मग बदल."

"पण ती त्याच्या घरातली खरी गोष्ट आहे."

"मग तर नक्कीच बदल." मग त्याने काचेतून बाहेर, म्हाताऱ्याच्या टेबलाकडे पाहिलं. "मी विचारतो क्लायंटला. इन्शाल्ला."

इन्शाल्ला हा शब्द माझ्या कानांनी सर्व सुरांत ऐकलेला आहे. हा सूर 'नाही'चा होता.

मी मजकूर मऊ केला. 'नदी दर वर्षी एक जीव घेते' याचं 'नदी दर वर्षी आपला वाटा मागते, असं जुनी माणसं सांगत' केलं. जीव काढला, मूल काढलं, पाव ठेवला. क्लायंटकडून तो सुधारून परत आला. त्यांच्या मार्केटिंगमधल्या कोणीतरी त्यावर मेहनत घेतली होती. आता तो असा होता: 'ही नदी दर वर्षी प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागते: एक हसू.'

तो कागद म्हाताऱ्याकडे तपासायला जाणं भाग होतं, कारण तपासणं हे त्याचं काम होतं. त्याने चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून 'आपत्कालीन निर्गमन' लिहीत बसलो होतो.

"स्पेलिंग बरोबर आहे," तो म्हणाला, आणि सही केली.

त्यानंतरचे दिवस तो कमी बोलायचा. थालीपीठ खायचा, पण 'ते गोल' म्हणायचा नाही. बहिणीकडे पाठवायच्या पेट्या भरायला घेतल्या होत्या. मी एकदा विचारलं की गावी गेल्यावर नदीवर जाणार का, तर म्हणाला की बहिणीचं घर नदीपासून लांब, बसच्या थांब्याजवळ आहे.

उद्घाटनाला ऑफिसातल्या सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं होतं. गर्दी दिसायला हवी होती. ऊन उतरलं होतं, मांडव घातला होता, खुर्च्यांना रेशमी पांढऱ्या खोळी होत्या. बायकोच्या हातात सुपरमार्केटची पिशवी होती आणि तिच्यात शेंडी ठेवून सोललेला, हळदकुंकू लावलेला नारळ. खणसुद्धा आणला होता. तो मी गाडीतच ठेवायला लावला. नारळापुढे माझं चाललं नाही.

"कोणी बघितलं तर?"

"बघू देत. मी काय चोरी करतेय?"

कळ दाबली गेली आणि नदी चालू झाली. आधी पंपाचा घरघराट, मग पाणी, मग पक्षी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्य पाहुणे माइककडे निघाले तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे होते. बायको पुलाच्या अलीकडे काठावर वाकली, डोळे मिटले, नारळ पाण्यावर ठेवला आणि सोडला. तो हळूहळू वळणाआड गेला. तिने हात जोडले आणि मागे न बघता खुर्चीत येऊन बसली.

"झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काम संपल्याचं समाधान होतं.

आमच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने हे सगळं पाहिलं होतं. तो तिच्याकडे झुकून हळू आवाजात काहीतरी विचारू लागला आणि ती तिच्या इंग्रजीत सांगू लागली. नदीला द्यायचा. माणसाच्या बदली. वाहून गेला की समजायचं तिने घेतला. समोर पाहुणे शतकांच्या वारशाबद्दल बोलत होते. या दोघांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. म्हातारा मधेच म्हणाला, "आणि मागे बघायचं नाही," आणि बायको म्हणाली, "अजिबात नाही. तुमच्याकडे पण?"

तेवढ्यात मुलीने माझी बाही ओढली.

"बाबा. इट्स बॅक."

नदी गोल आहे हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. म्हणजे प्लॅनवर ती गोल आहे हे मला माहीत होतं. पण नदीत सोडलेली वस्तू परत येऊ शकते, हे हिशेबात धरायची आपल्याला कोणालाच सवय नाही. नारळ पुलाखालून शेंडी वर करून डौलात आला, पाहुण्यांच्या समोरून गेला आणि पुन्हा वळणाआड झाला. भाषण चालू राहिलं. पुढच्या फेरीला पाहुण्यांनी त्याला पाहिलं. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं, मग त्यांनी ते पहिल्यापासून सुरू केलं. त्यापुढच्या फेरीला पुढच्या रांगेतले सगळेच नारळाची वाट बघत होते.

"अहो, त्याला बाहेर नका काढू," बायको माझ्या कानात म्हणाली. "सोडलेला परत घ्यायचा नसतो."

मी काही करणार नव्हतोच. पण आयोजकांनी खूण केली आणि एक नेपाळी वॉचमन बूट-मोज्यांसकट नदीत उतरला. तळाला प्लास्टिकचा कागद होता आणि तो साबणासारखा निसरडा होता. वॉचमनने नारळ पकडला, पाय सटकला, आणि तो आडवा पडून क्षणभर पूर्ण दिसेनासा झाला. बायका किंचाळल्या. पाहुणे माइक सोडून दोन पावलं मागे सरले. माझ्या शेजारी म्हातारा उभा राहिला होता. त्याच्या हाताने समोरच्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की रेशमी खोळ सरकून खाली आली.

वॉचमन उठून बसला. पाणी त्याच्या पोटापर्यंत होतं. हातातला नारळ त्याने उंच धरला आणि प्रामाणिकपणे विचारलं, "ये किसका है?"

कोणी हात वर केला नाही. नारळ मग पाहुण्यांच्या टेबलावर, फुलांच्या शेजारी ठेवला गेला आणि समारंभ संपेपर्यंत तिथेच होता. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात तोही आहे.

खुर्चीत बसताना म्हातारा बायकोला म्हणाला, "आमची नदी घेऊन जायची." तिने मान हलवली. "हिला अजून कळत नाही," ती म्हणाली. "नवीन आहे."

शनिवारी ऑफिस उघडलं तेव्हा मॅनेजर दारातच उभा होता. पाहुण्यांच्या समोर माणूस पाण्यात पडला होता. क्लायंट हादरला होता, नगरपालिकेचा माणूस येऊन गेला होता, आणि संध्याकाळपर्यंत नदीकाठी धोक्याची पाटी हवी होती. तीन भाषांत. नमुना असा काही नाही, फक्त धोका स्पष्ट हवा, आणि शेवटच्या ओळीत पाण्याची खोली द्यायची हा नियम.

"इंग्रजी कोण लिहितो? यल्ला!"

"मी लिहितो," म्हातारा म्हणाला. त्याचा तो शेवटचा आठवडा होता. एरवी तो लिहीत नसे, तपासत असे.

त्याला फार वेळ लागला नाही. त्याने कागद माझ्यासमोर ठेवला, हिंदी करायला. दोनच वाक्यं होती. मी वाचून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीवर वाळणाऱ्या कपड्यांकडे बघत होता. मी हिंदी केलं, एकही शब्द मऊ न करता, आणि सुदानी गृहस्थांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले की अरबीत हे चांगलं उतरेल.

मॅनेजरने कागद उभ्या उभ्या वाचला.

"जरा जास्त नाही होत?"

"धोक्याची पाटी आहे," म्हातारा म्हणाला.

"क्लायंटला दाखवावं लागेल?"

"सेफ्टीचा मजकूर क्लायंट तपासत नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. दहा वर्षांत कोणी तपासला नव्हता.

"सेफ्टी," मॅनेजर स्वतःशी म्हणाला. "सेफ्टी चांगली. खलास, पाठव वर्कशॉपला."

ती पाटी त्याच संध्याकाळी लागली, हसू मागणाऱ्या नदीच्या पाटीला लागूनच, कारण वॉचमन तिथेच पडला होता. म्हाताऱ्याला मी गाडीने तिथे घेऊन गेलो. वाटेत शेख झायेद रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक होता. पोचल्यावर तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग सूटच्या खिशातून सँडविचचं पुडकं काढलं, त्यातला पाव वेगळा केला, आतला टोमॅटो गवतात टाकला आणि पाव पाण्यात सोडला. आणि मागे न वळता गाडीकडे आला. पाव परत आला की नाही, हे मीही पाहिलं नाही.

निरोपाला मॅनेजरने त्याला एक पाटी भेट दिली. दुसरं काय देणार. त्यानंतर नाताळला एक कार्ड आलं, पुढच्या नाताळला आलं नाही.

काही वर्षांनी मुलीला कॉलेजच्या कामासाठी त्या बाजूला सोडायला गेलो तेव्हा सहज आत वळलो. विलोची झाडं जगली नव्हती. त्यांच्या जागी खजूर होते. पक्षी बंद होते. नदी फक्त सुट्टीच्या दिवशी चालू करतात, असं वॉचमन म्हणाला. हा वॉचमन दुसरा होता. कोरीव पाट्यांची अक्षरं खाऱ्या हवेने इतकी खाल्ली होती की हसूचं वाक्य वाचता येत नव्हतं. माझं, नदीहून जुन्या गोष्टीचं, तर मलाही शोधावं लागलं. धोक्याची पाटी मात्र नवीकोरी होती. तिच्यासाठी चांगला रंग वापरायचा नियम आहे.

मुलीने ती तिन्ही भाषांत असल्याचं पाहिलं आणि हिंदीतून वाचली, अडखळत: ही नदी लहान मुलं घेऊन जाते. त्यांना एकटं सोडू नका.

त्याखाली, नियमाप्रमाणे, खोली दिलेली आहे: चाळीस सेंटिमीटर.